धुतलेलं लुगडं

नवऱ्याला पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागून वर्ष झालं आणि त्याला भरपगारी रजा मिळाली. कामावर न जाता पगार मिळतो, हे आमच्या आकुर्डीत कुणाला खरंच वाटेना. तो म्हणाला, कोल्हापूरला जाऊ, अंबाबाईचं दर्शन घेऊ आणि दिवसभर नुसतं हिंडू. लग्न झाल्यापासून मी शेत आणि माहेर यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. मी तर हरखूनच गेले.

अडचण म्हशीची होती. तिचं रेडकू गेलं होतं आणि तेव्हापासून ती माझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती. अशी म्हैस चार वेळा धार न काढता तुंबली की आटते, आणि घरातली मीठमिरची तिच्या दुधावर चालायची. पण सासूबाईंनीच मला ढकललं. म्हणाल्या, "जा तू. तुजं रोजचं लुगडं नेसून धारेला बसते मी. तिला काय कळतंय?"

मला त्या लुगड्याची लाज वाटली. शेणाचे डाग, घामाचा वास. सासूला असलं नेसायला कसं द्यायचं? म्हैस रंग ओळखते अशी माझी समजूत. निघायच्या आदल्या दिवशी मी ते साबण लावून खसाखसा धुतलं, वाळवलं, नीट घडी करून त्यांच्या हाती दिलं. स्वतःच्या शहाणपणावर मी भलतीच खूश होते.

कोल्हापुरात देवीचं दर्शन झालं आणि आम्ही रंकाळ्यावर गेलो. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. पलीकडचा काठ धूसर दिसत होता, पाण्यात दगडी मठ अर्धा बुडालेला, आणि काठाकाठानं म्हशी निवांत डुंबत होत्या. कुणी मला हाक मारत नव्हतं, काही मागत नव्हतं. नवऱ्यानं फुटाणे घेतले. आम्ही कठड्यावर पाय सोडून बसलो आणि मी मोठ्यानं हसलेसुद्धा.

जवळच एक गवळी गिऱ्हाइकांना समोर धार काढून दूध देत होता. खाली बसण्याआधी त्यानं अंगातला स्वच्छ सदरा काढला आणि पिशवीतून एक कळकट बंडी काढून घातली. तिचा वास आमच्यापर्यंत आला. नवरा नाक दाबून हसायला लागला. म्हशीनं बंडी हुंगली आणि शांतपणे पान्हा सोडला.

म्हणजे म्हैस रंग नाही, वास ओळखते. मी लुगडं नव्हतं धुतलं, म्हशीची ओळखच धुऊन टाकली होती.

गाडी संध्याकाळची. मग आम्ही तळ्याला वळसा घातला, राजवाडा पाहिला, त्यानं मला बांगड्या भरवल्या. प्रत्येक गोष्ट तो दोनदा दाखवायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचे. त्याला सांगितलं नाही. त्याची ती पहिली रजा होती. पण दूध पिऊया म्हणाला तेव्हा मला रडूच आलं, आणि ऊन लागलं असं मी सांगितलं.

घरी आलो तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली, माझ्याच लुगड्याच्या काठाची. म्हणाल्या, घसरले. मी तशीच गोठ्यात धावले. म्हशीनं मला हुंगलं, पण दुधानं चरवीचा तळसुद्धा झाकला नाही.

मी सगळं सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांनी मला शेजारी बसवलं. लेकराच्या उत्सुकतेनं विचारलं, "तळं केवढं हाय गं? लई मोटं म्हणत्यात."

ते सगळं पाणी माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"न्हाई वो आत्याबाई," मी म्हणाले, "आपल्या पवनेच्या डोहाएवढंच हाय."

"मंग काय बघायचं त्यात," त्या म्हणाल्या आणि दुखरा हात मांडीवर घेऊन समाधानानं भिंतीला टेकल्या.