मक्याच्या सभेला बंडीवरून आलेली मोटरसायकल

पावसाळ्यात मोटरसायकल पहिल्यांदा अडायला लागली तेव्हा मी गाडीलाच दोष दिला. अठरा वर्षांची झाली होती. नोकरी लागली त्याच वर्षी घेतलेली, आणि तोवर पंक्चर सोडलं तर तिनं मला कधी रस्त्यात सोडलं नव्हतं.

मी कृषी सहाय्यक. राहायला दारव्ह्यात, आणि तालुक्यातली सात गावं माझ्याकडे. कपाशीची ती वर्षं फार वाईट गेली. हिरवंगार बोंड हातानं फोडावं तर आत गुलाबी अळी. वेचणीच्या तोंडावर पाऊस, आणि त्यातून वाचलेला कापूस बाजारात नेला की त्याला कोणी विचारत नसे. माझं काम शेताशेतांत सापळे लावायचं, त्यात अडकलेले पतंग मोजायचे आणि दर आठवड्याला वर कळवायचं. जीप फाट्यापर्यंत जायची. पुढं पांदणीच्या कच्च्या वाटेनं आपलं आपण. त्यामुळं गाडी बंद म्हणजे मी बंद.

सकाळी वीस-वीस किका मारूनही ती सुरू होईना. सुरू झाली तर चढावर आचके द्यायची. बायको दारात उभी राहून म्हणायची, "अहो, नवी घ्या आता. सगळी गल्ली उठते तुमच्या किकांनी."

शेवटी मिस्त्रीकडं नेली. बस स्टँडमागं त्याचं दुकान, माझी गाडी पहिल्या दिवसापासून त्याच्याच हाताखालची. त्यानं कार्ब्युरेटर खोलला आणि आतला एक बारका रबरी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. भिजलेल्या हरभऱ्यासारखा फुगला होता. पेट्रोलची नळी दाबून दाखवली, तिला बारीक चिरा गेल्या होत्या. मग टाकीतलं पेट्रोल त्यानं काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली दुकानाच्या पायरीवर ठेवली.

"पाहा साहेब आता."

थोड्या वेळानं बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसायला लागला. वर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं काहीतरी.

"माझ्या टाकीत पाणी कुठून आलं? झाकण तर घट्ट आहे."

"झाकणाचा काय दोष? आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल टाकून राह्यले ना. ते हवेतलं पाणी ओढते. गाडी उभी राह्यली का खाली बसते. तुमची गाडी नाई बिघडली साहेब, पेट्रोल बदललं. हे रबर जुन्या पेट्रोलासाठी बनवलं व्हतं, ह्याले काय मालूम सरकारनं नियम बदलला म्हणून?"

त्यानं रबर बदललं, नळी बदलली, आणि बजावलं, "गाडी आठ-आठ दिस उभी ठेवू नका. ठेवाच लागली तर टाकी फुल ठेवा."

मी तिथून थेट पंपावर गेलो. मॅनेजर ओळखीचा होता. म्हटलं, "इथेनॉल नसलेलं साधं पेट्रोल द्या."

"साहेब, टँकरमधून जे येते ते आम्ही विकतो. यवतमाळले जा, कळंबले जा, वणीले जा, हेच भेटन."

"पण माझी गाडी यासाठी बनलेलीच नाही."

"मंग गाडी बदला ना," तो म्हणाला, आणि मागच्या माणसाकडं वळला.

मी घरी येऊन कपाटातून गाडीचं माहितीपुस्तक शोधून काढलं. त्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त मिश्रण वापरू नका असं स्पष्ट छापलेलं. गाडीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. तिनं सांगितलं की पुस्तकात लिहिलंय ते बरोबरच आहे, पण नवीन पेट्रोलही वापरायला हरकत नाही. दोन्ही एकाच वेळी कसं बरोबर असेल, असं विचारल्यावर तिनं मला बराच वेळ संगीत ऐकवलं.

दिवाळीत बायकोच्या माहेरी, कळंबला, दहा दिवस राहिलो. गाडी दारव्ह्यात उभी. टाकी अर्धी. मिस्त्रीचं बोलणं डोक्यातून साफ गेलं होतं, हे मी कबूल करतो.

परत आलो तर ऑफिसात नवा आदेश. कपाशीची पऱ्हाटी वेळेत उपटा, दुसऱ्या बहराच्या आशेनं फरदड ठेवू नका, आणि मोकळ्या झालेल्या ओलिताच्या रानात रब्बीला मका पेरा. इथेनॉलच्या कारखान्यांना मका हवा आहे, मागणी वाढणार आहे, गावोगाव सभा घेऊन शेतकऱ्यांना हे पटवून द्या. आमच्या अधिकारी मॅडमनी प्रत्येकाला एक छापील भाषण दिलं. मी ते दोनदा वाचलं. इथेनॉलमुळं देशाचा आणि शेतकऱ्याचा कसा फायदा आहे, हे माझ्या तोंडून वदवायचं होतं. फुगलेलं ते रबर माझ्या डोळ्यांसमोर आलं, पण नोकरी ती नोकरी. भाषण पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

फाटा सोडून पांदणीला लागलो आणि गाडीनं दोन आचके दिले. मग थांबली. किका मारून मांडीत गोळे आले, पण ती फुरफुरेसुद्धा ना. गाव अजून तीन किलोमीटर. ऊन चढलेलं, सभेची वेळ झालेली. मी गाडी ढकलायला लागलो आणि ढकलता ढकलता एकेकाला शिव्या घातल्या. आदेश काढणाऱ्याला, पंपवाल्याला, त्या गोड आवाजाच्या मुलीला, आणि टाकी अर्धी ठेवून सासुरवाडीला बसणाऱ्या मूर्खालाही.

मागून बैलबंडी आली. त्याच गावातली एक मावशी हाकत होती. नवरा गेल्यापासून आठ एकर ती एकटीच करायची. माझे सापळे तिच्या शेतात होते आणि पतंग मोजायला तीच मला मदत करायची.

"साहेब, काहून ढकलून राह्यले गाडी? पेट्रोल सरलं का?"

"पेट्रोल आहे मावशी. त्यात पाणी झालंय."

"बाप्पा! पेट्रोलात पाणी? कोनं टाकलं?"

"कोणी टाकलं नाही. आता पेट्रोलात इथेनॉल असतं. मक्यापासून करतात, उसापासून करतात. ते पाणी ओढतं."

तिनं बैल थांबवले. मागून येणाऱ्या दोन गड्यांना हाक मारली. तिघांनी मिळून माझी मोटरसायकल उचलून बंडीत आडवी घातली, मी शेजारी हँडल धरून बसलो, आणि असे आम्ही गावात शिरलो.

समाजमंदिरासमोर पस्तीस-चाळीस माणसं जमली होती. बंडी दिसताच हसण्याचा एकच गलका उठला. कोणी फोटो काढले. मी कपडे झटकून पिशवीतलं भाषण काढलं. दुसऱ्याच वाक्यात इथेनॉल हा शब्द होता. तो उच्चारला मात्र, मावशी पुढच्या रांगेतून उठली.

"थांबा साहेब. तुमची गाडी ज्यानं बंद पाडली, तेच पिकवायले तुम्ही आमाले सांगून राह्यले का?"

सगळे हसले. ती हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. "पऱ्हाटीनं आमाले मारलं, हे खरं हाय. मका पेरा म्हनता, पेरतो. पन तुमाले सोताले पटते का हे? ते सांगा."

मी कागदाची घडी घातली. म्हटलं, "मावशी, पेट्रोलाचा नियम मला पटत नाही. ज्यांच्या जुन्या गाड्या आहेत त्यांचं काय, हे कोणी विचारलंच नाही. पण मक्याचं वेगळं. पाणी आहे त्यांनी थोडा पेरून पाहायला हरकत नाही. लष्करी अळी येते, रोज ताटांचे कोवळे पोंगे उकलून बघावे लागतील. आणि रानडुकरं एका रात्रीत वावर आडवं करतात, ते या कागदात लिहिलेलं नाही. रखवाली होत असेल तरच पेरा."

त्यानंतर तासभर खरे प्रश्न आले. बियाणं, पाणी, डुकरं, विकायचं कुठं. विकायचं कुठं याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, तसं सांगितलं. सात गावांतल्या सभांमधली माझी ती सगळ्यात बरी सभा झाली.

चौथ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. बंडीतल्या मोटरसायकलचा फोटो त्यांच्या मोबाईलवर पोचला होता.

"तुम्ही शासनाच्या धोरणाविरुद्ध बोललात?"

"मॅडम, मी मक्याविरुद्ध नाही बोललो. पेट्रोलाबद्दल बोललो."

"पेट्रोल आपल्या खात्याकडे येतं का? लेखी खुलासा द्या."

मी खुलासा लिहिला. त्यात रबराच्या तुकड्यापासून सगळं आलं, पूर्ण तीन पानं. मॅडमनी तो माझ्यासमोर वाचला. वाचता वाचता एकदा थांबल्या आणि विचारलं, "नळीसुद्धा जाते का? माझ्या मिस्टरांची स्कूटर महिनाभर सुरूच होत नाहीये." मी मिस्त्रीचं दुकान कुठं ते सांगितलं. खुलाशाचं पुढं काय झालं ते मला कधी कळलं नाही.

सरकारच्या तक्रारींच्या वेबसाइटवर मी पेट्रोलाबद्दल तक्रारही टाकली. बाटलीतल्या थराचा फोटो जोडला, माहितीपुस्तकाचं पान जोडलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. इथेनॉलमुळं देशाचं परकीय चलन वाचतं आणि हवा स्वच्छ राहते, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. माझ्या गाडीबद्दल एक शब्द नाही. मी पुन्हा टाकली. तेच उत्तर, शब्दाला शब्द.

मावशीनं त्या रब्बीत एक एकर मका पेरला. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर मचाण बांधून पहारा केला, तरी कडेच्या सहा ओळी डुकरांनी खाल्ल्याच. उरलेला चांगला आला. व्यापारी गावात येऊन घेऊन गेला. कुठं नेला, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

गाडी मी विकली नाही. मिस्त्रीनं मला कार्ब्युरेटरखालचा स्क्रू सैल करून तळाचं पाणी काढायला शिकवलं. ऑफिसातून आलो की पँट वर करून अंगणात बसायचं, वाटी लावायची आणि ते काढायचं. हाताला वास लागतो, साबणानं जात नाही. बायको म्हणते, जेवायला बसण्याआधी दोनदा हात धुवा. मी धुतो.