उकिरड्यावरचा दुधी

माझे सासरे जळकी काडीसुद्धा टाकत नसत. गॅसची एक शेगडी पेटलेली असली की तिच्यावर जुनी काडी धरून दुसरी पेटवायची आणि काडी विझवून पुन्हा वाटीत ठेवायची, असा त्यांचा नियम. ओट्यावर जळक्या काड्यांनी भरलेली एक वाटी कायम असायची. लग्न होऊन न्हावऱ्याला आले तेव्हा मला वाटलं, ही काहीतरी पूजेची भानगड असणार. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आप्पांच्या हायेत त्या. हात लावू नको."

आप्पांची उमेदीची सगळी वर्षं पाटसच्या साखर कारखान्यात बॉयलरवर गेली. रिटायर होऊन घरी आले आणि दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर माझ्या स्वयंपाकघरात त्यांचं लक्ष जास्तच वाढलं. चहाची पावडर वाळत घालून दुसऱ्यांदा वापरायची. साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवायच्या. आणि जेवताना रोज तेच, "पानात टाकायचं न्हाई." माझं तोंड आधीपासूनच फटकळ. मी म्हणायचे, "आप्पा, तुम्ही श्वाससुद्धा मोजून घेत असाल." ते हसायचे. मला त्याचाही राग यायचा.

दुसरा लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या घरात काटकसर करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. आमचे हे शिरूरच्या एका शाळेची बस चालवायचे. शाळा बंद म्हणून बस बंद, बस बंद म्हणून पगार बंद. दारात दोन गाई होत्या आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जात होतं. घर चालत होतं ते तेवढ्यावर.

त्यातच पलीकडच्या घरात एकाला कोरोना निघाला. आत-बाहेर बंद करून दाराला पट्टी बांधली आणि डेअरीवाल्यानं त्यांचं दूध घ्यायचं बंद केलं. त्या घरातली बाई रोज दोन्ही वेळा घागर आणून गटारीत ओतायची. आप्पा आमच्या कुंपणाशी उभे राहून बघायचे. भाकरीचा तुकडा खाली पडला तरी उचलून कपाळाला लावणारा माणूस तो. घरात येऊन मला म्हणाले, "आपल्यात कुणाला काय झालं तर आपलंबी ह्येच व्हनार." मी म्हटलं, "शुभ बोला की जरा."

घरामागं थोडी मोकळी जागा होती. त्या उन्हाळ्यात आप्पांनी तिथं बाग उभी केली. मोरीपासून चर काढून सांडपाणी थेट वाफ्यात नेलं. पेंडीच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वांगी-मिरच्या लावल्या. डब्यातले धणे चपलेनं रगडून टाकले, डब्यातलीच मेथी पेरली, सडका टोमॅटो चुरगाळून मातीत पुरला. बी म्हणून एक पुडी विकत आणली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी मी ओतून दिलं की ओरडायचे, "मिरचीला ठेवायचं व्हतं ना गं!" पण खोटं कशाला बोलू, त्या दोन महिन्यांत आम्ही भाजी विकत घेतली नाही. माझी लेक नऊ वर्षांची. ती दिवसभर त्यांच्या मागं मागं असायची.

उकिरड्याच्या कडेला दुधीचा एक वेल आपोआप उगवला होता. मी म्हटलं, "उपटून टाका. कुठलं बी, कसलं बी, काय माहीत." तर म्हणाले, "आपनहून आलाय बिचारा. असू दे." तुराट्यांचा मांडव करून त्यांनी वेल वर चढवला. पहिला दुधी धरला तेव्हा त्याला ऊन लागू नये म्हणून स्वतःचं जुनं धोतर फाडून गुंडाळलं. "आखितीला काढायचा," म्हणाले. "तुझ्या सासूला दुधी लई आवडायचा. तिच्या नैवेद्याला व्हईल."

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठवडाभर ते जास्तच विचित्र वागायला लागले. निदान मला तसं वाटलं. एके सकाळी म्हणाले, "मला चहा नगं आजपासनं. तेवढीच साखर वाचंल." मग खाट उचलून मागं बागेत शेवग्याखाली नेली. "फॅनचं बिल कशाला?" ताट-तांब्या वेगळा काढला, जेवण झालं की राखेनं स्वतःच घासून खिळ्याला लावायचे. म्हणजे साबणही वाचवणार! धार काढायचंही सोडलं. "गुडघं दुखत्यात, तुम्हीच बघा." मी मनात म्हटलं, घ्या, आता हेही माझ्याच गळ्यात. लेक जवळ गेली तर तिच्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडले, "लांब हो! रोपं तुडवशील!" की ती रडत माझ्याकडं आली. मला असा संताप आला. पोरीपेक्षा मेथी मोठी झाली का यांना? दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि आत यायचं. ते खोकायचे ते तोंड वाफ्यांकडं करून. धुरळ्यानं होतंय म्हणायचे.

आखितीचा दिवस आला. आंबे आणले नव्हते, म्हणून पोळ्या आणि गुळवणी. आणि तो दुधी. मी एरवी दुधी चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावून बघते. दुधी-काकडीचं काही सांगता येत नाही. पण नैवेद्याच्या स्वयंपाकाची आधी चव घ्यायची नाही, उष्टा होतो, हे मला लहानपणीच माहेरी शिकवलेलं. तो तर सासूबाईंचा नैवेद्य. मी चव घेतली नाही. भाजी केली, पान वाढून पत्र्यावर ठेवलं. कावळा आला, त्यानं पोळी उचलली. भाजीत चोच घातली आणि झटकून टाकली. कावळ्याला कळलं, मला नाही.

आधी आप्पांना वाढलं. ते आमच्याकडं पाठ करून मागच्या उंबऱ्यावर बसले होते. भाजी संपवून त्यांनी ताट मागं सरकवलं. मी पुन्हा वाढली. तीही संपली. मग आम्ही बसलो. लेकीनं पहिला घास घेतला आणि थुंकला. ह्यांनीही थुंकला. मी बोटानं चाटून बघितलं तर अख्खी जीभ आखडली. इतकं कडू मी जन्मात काही खाल्लं नव्हतं.

"आप्पा!" मी ओरडले, "टाका ती! कडूजहर हाय!"

त्यांचं ताट पोळीनं पुसून लख्ख केलेलं. ते वळले. आमच्या तिघांच्या तोंडाकडं त्यांनी एकेक करून बघितलं. मग ताटाकडं बघितलं. म्हणाले, "हां... हाय जराशी कडू. औषधी असतंय त्ये. पानात टाकायचं न्हाई."

माझं डोकं फिरलं. आठवडाभराचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "औषधी? दोन घास टाकले असते तर काय घरदार विकावं लागलं असतं? कसला हा चिक्कूपणा! मेल्यावर बरोबर नेणार आहात का सगळं?"

सणाचा दिवस. सासूबाईंचं पान अजून पत्र्यावर. हे नुसतं "अगं..." म्हणाले. आप्पा उठले, राखेनं ताट घासलं, खिळ्याला लावलं आणि खाटेवर जाऊन पडले.

दिवस मावळायच्या आत त्यांना उलट्या सुरू झाल्या. आम्ही सगळ्यांनी एकच धरलं, दुधी बाधला. मी तर जरा तोऱ्यातच होते, सांगितलं होतं ना! डॉक्टरांना फोन केला, दुधी सांगितला, त्यांनी दुधीवर जे द्यायचं ते सांगितलं. अंग गरम आहे का म्हणून त्यांनी विचारलं. मी बागेच्या दारातून आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "न्हाई." मी फोनवर म्हटलं, "नाही." कपाळाला हात लावून बघायला मी चार पावलं पुढं गेले नाही. राग होता ना माझा!

ताक दिलं, तूप दिलं, लिंबूपाणी दिलं. उलट्या थांबल्या. पण माणूस उठेना. तीन दिवस आम्ही म्हणत राहिलो, विष अंगात भिनलंय, उतरायला वेळ लागणार. चौथ्या दिवशी खाटेपासून नळापर्यंत जाताना ते मध्येच वाफ्यात बसले. ओठ काळेनिळे झालेले. मागच्या आळीतल्या गुरुजींकडं ते बोटाला लावायचं मशीन होतं. गुरुजी आले, लावलं, आकडा बघितला आणि नाकावरचा मास्क वर ओढून झटकन मागं सरले. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला.

शिरूरला बेड नव्हता. दौंडला मिळाला. ॲम्ब्युलन्सच्या मागं हे मोटारसायकलवर गेले. दुपारी ह्यांचा फोन आला. डॉक्टरांनी आप्पांना विचारलं होतं, बाबा, तोंडाची चव कधी गेली? आप्पा म्हणाले, झालं की धा-अकरा दिस.

मी बागेत उभी होते. दहा-अकरा दिवस. म्हणजे चहा सोडला त्या दिवसापासून. त्या कडू भाजीची त्यांना चवच लागली नव्हती. आमची वाकडी तोंडं बघून त्यांना कळलं की भाजी कडू आहे. खाट बाहेर नेली ती फॅनसाठी नाही. ताट वेगळं केलं ते साबणासाठी नाही. धार सोडली, पोरीला हाकललं, सगळं दुखणं आमच्यापासून लांब ठेवायला. आणि सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दाराला पट्टी लागली असती आणि दूध बंद झालं असतं. दुखणं लपवायला त्यांना काही वेगळं करावंच लागलं नाही. मी त्यांना चिक्कू समजत होते, तेवढं पुरलं.

पट्टी लागलीच. दुसऱ्याच दिवशी आमचं दूध बंद झालं. हे परत येऊन आमच्यासारखेच आत अडकले. मी एक थेंब टाकायचा नाही असं ठरवलं. दही लावलं, तूप कढवलं, चुलीवर खवा आटवला. पण गाईंना कुठला लॉकडाऊन? त्या देतच होत्या. तीन दिवसांत घरातली भांडी संपली. चौथ्या दिवशी मी बादली उचलली आणि आप्पांनी काढलेल्या चरात दूध ओतायला लागले. पांढरा ओघळ मिरच्यांच्या बुडाशी गेला. लेक बघत होती, म्हणाली, "आप्पा रागावतील." तेवढ्यात फोन वाजला.

दौंडवरून. वॉर्डातल्या सिस्टरनं आप्पांच्या कानाला फोन लावून दिला होता. मागं ऑक्सिजनचा आवाज येत होता. मला वाटलं, ते लेकाला बोलवतील, नातीला बोलवतील. त्यांनी पहिलं हेच विचारलं, "दूध घेत्यात का?"

माझ्या हातात अर्धी बादली होती.

"घेत्यात की, आप्पा," मी म्हटलं. "दोन्ही टायमाला."

"पट्टी?"

"न्हाई लागली. दुधी बाधला म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाले, "झ्याक केलंस पोरी." पुन्हा श्वास. "त्यो येल तेवढा उपटून टाक. कडू हाय म्हणत व्हता न्हवं तुम्ही. पोरीनं खायला नगं."

"आप्पा, त्या दिवशी मी जे बोलले..." मी सुरू केलं. पण पलीकडं सिस्टर दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होती, "थांबा बाबा, आता तुमच्या घरी लावते."

तिसऱ्या दिवशी ते गेले. तिकडंच सगळं उरकलं. आम्ही पट्टीच्या आत, जायची परवानगी नाही. ह्यांनी अंगणात दक्षिणेकडं तोंड करून हात जोडले, बस. त्या दिवशी सकाळचंही दूध मी ओतलं, संध्याकाळचंही ओतलं.

वेल मी उपटला. वर चार दुधी धरलेले होते, चांगले लांब, कोवळे, दिसायला कसे देखणे. धोतराचं फडकं मांडवाला तसंच होतं, ते सोडून धुऊन ठेवलं.

त्यांना खोटं सांगितलं याचं मला काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. पण लग्न होऊन आल्यापासून मी त्या माणसाशी जे बोलले ते सगळं खरं आणि लागेल असंच. गोड असं एकदाच बोलले, आणि तेवढंच खोटं निघालं.