ताईने मागितलेलं शिकरण

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळचे पावणेसात. हजर: मी, ताईचा मुलगा निखिल आणि शेजारच्या सोनवणेकाकू. ऑफिसात बैठकांच्या नोंदी ठेवायच्या सवयीने एवढं वहीत लिहिलं आणि पुढचं सुचेना... माझी थोरली बहीण गेली होती.

ताई वैद्य होती. सातपूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत तिचा दवाखाना. ऑफिस सुटल्यावर तिथे नंबर लावणं, तक्ते लिहिणं हे माझं काम. पाळीत राबणारी माणसं पोट धरून यायची. ताई नाडी नंतर बघायची, आधी विचारायची, "भूक लागली म्हणून जेवलात, की वेळ झाली म्हणून?" एकदा एक फिटर वैतागला. "मॅडम, भोंगा वाजला की जेवायचं. पोटाला विचारत बसलो तर सुपरवायझर मला विचारेल!" ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग त्याला रात्रपाळीचं वेगळं जेवण लिहून दिलं. भिंतीवर विरुद्ध आहाराचा तक्ता होता, माझ्या अक्षरात. दुधाबरोबर मासे नकोत, मध तापवू नका, दूध आणि केळं एकत्र नको. म्हणजे शिकरण बाद. त्यावरून बायका भांडायच्या. "आमच्या सासूबाई नव्वदीपर्यंत शिकरण-पोळी खात होत्या!" ताई म्हणायची, "त्यांच्या पोटातला अग्नी दगड पचवणारा होता. तुम्हाला वरणभात जड जातोय."

शेवटचा दीड महिना ती माझ्याकडे होती. यकृताचं दुखणं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी वेळापत्रक केलं. आठला औषध, नऊला पेज, अकराला डाळिंबाचा रस. पेज बहुतेक तशीच परत यायची. पण त्या सोमवारी ती आपणहून म्हणाली, "सुमे, भूक लागलीय गं. शिकरण कर ना."

मी गोळ्या डबीत भरत होते. "दूध आणि केळं? तुझ्याच तक्त्यात आहे, ताई."

"अगं, तो तक्ता ज्यांना अजून पुष्कळ जगायचंय त्यांच्यासाठी."

"काहीतरीच बोलू नकोस. पेज आणते."

ती भिंतीकडे वळली. "आण बाई. वेळ झाली असेल."

स्वयंपाकघरात पोचल्यावर ते मला लागलं. महिनाभरात पहिल्यांदाच तिला भूक लागली होती... मंगळवारी औषधं घेऊन येताना केळी आणली. घाईत हिरवीच मिळाली. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आणि तिला सांगितलं, गुरुवारी शिकरण नक्की. "यादीत लिहून ठेव," ती म्हणाली. टोमणा होता, पण हसून मारलेला. बुधवारी ती फारशी बोललीच नाही.

दिवसकार्य होईपर्यंत जेवण शेजारून आलं. नंतर निखिल पुण्याला परत गेला आणि मी एकटीपुरता डबा लावला. दवाखान्याची जागा सोडली, उरलेली औषधं परत केली, पेशंटना एकेक करून कळवलं. अंगात त्राण नसलं तरी हात चालतात. फक्त तांदळाला हात लावलेला नाही. आता डब्याभोवती चिलटं असतात, वासही येतो. काल सोनवणेकाकू म्हणाल्या, "आणा इकडे, मी धुऊन देते."

"नको काकू, करते मी."

रोज सकाळी यादीत पहिलं तेच लिहिते: तांदळाचा डबा रिकामा करणे. संध्याकाळपर्यंत खालची सगळी कामं खोडून होतात.