मिठा तिसरी

निकेतचा फोन आला तेव्हा सुचिताकाकूंचे दोन्ही हात पिठात होते. नागावात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं चार खोल्यांचं होमस्टे. ठाण्याची मंडळी पाण्यातून बाहेर येईपर्यंत तीस भाकऱ्या व्हायला हव्या होत्या. नवऱ्याने, दिनानाथने, मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. निकेत म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा, शिवदासचा, एकुलता एक मुलगा. दीड महिन्यापूर्वी त्याला मुलगी झाली होती.

"आत्या, बारसं रविवारी. आणि नाव ठरलंय. मिठा."

काकूंचा हात परातीतच राहिला.

"कोणाचं नाव?"

"मुलीचं. तुझंच नाव, आत्या. कानात पण तूच सांगायचं. मला बहीण नाही, म्हणजे मान तुझाच."

तव्यावरची भाकरी करपली. दिनानाथने फोन दुसऱ्या हातात घेऊन ती चिमट्याने उलटली आणि बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. या बाईची भाकरी त्याने चाळीस वर्षांत करपलेली पाहिली नव्हती.

नागावात मिठा हे नाव कोणाला माहीत नव्हतं. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवऱ्याने नवं नाव लिहायचं, तसं दिनानाथने लिहिलं होतं, सुचिता. नाव त्याच्या थोरल्या बहिणीने निवडलेलं. एकोणीस वर्षांच्या मिठाने त्या ताटाकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, सुटले बाई एकदाची.

सुटले म्हणण्याला कारण होतं. तिचं माहेर पेणजवळ खाडीकाठी, मिठागरांना लागून. त्या गावात ज्या बाईची मुलं पाठोपाठ दगावायची, ती पुढचं मूल झालं की पाचव्या दिवशी त्याला घेऊन मिठागराच्या बांधावर जायची आणि चक्क विकून टाकायची. विकत घेणारी मिठागरावर राबणारी, जिची सगळी मुलं जगली आहेत अशी बाई. किंमत एक सूपभर मीठ. आईने मीठ घरी न्यायचं, घेणारणीने मूल उचलायचं, आणि मग तेच मूल आईच्या ओटीत 'माझं आहे, सांभाळ' म्हणून परत द्यायचं. मरणाला चकवायचं, की बघ, हिचं मूल आता हिचं राहिलं नाही. अशी मुलगी असली तर तिचं नाव मिठा, मुलगा असला तर मिठ्या.

मिठाच्या आईची तीन गेली होती. चौथी ही. ती पहिलीत गेली तेव्हा वर्गात तिच्यासकट पाच मिठा होत्या. गुरुजींनी हजेरीत "मिठा" म्हटलं की पाच हात वर. शेवटी गुरुजी कंटाळले आणि त्यांनी नंबर घातले. ही मिठा तिसरी. पोरं मधल्या सुट्टीत विचारायची, काय गं, तुमच्यापैकी आज कोण कालवणात पडली? आणि पाचही जणी मिळून त्या पोरांना बांधापर्यंत पिटाळायच्या.

पुढे पाचाच्या दोन झाल्या, दोनाची एक. गावातल्या शेवटच्या मिठाने दहावीचा फॉर्म भरताना स्वतःला मिताली करून घेतलं. मिठागरांचे बांध फुटले, खाडी आत शिरली, पुरुष डंपर चालवायला लागले. शिवदासने तर दोन डंपर घेतले. त्याला कोणी विचारलं की मिठाची पोरं म्हणजे काय हो, तर तो म्हणायचा, जुन्या लोकांचा अडाणीपणा. आणि आता त्याच शिवदासच्या घरात नाव ठरलं होतं मिठा.

त्या दुपारी पाहुण्यांना वाढताना तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. ज्या नावातून सुटायला ती लग्नाची वाट पाहत होती, ते आता पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत होतं. आई होती तोवर महिन्यातून एकदा फोनवर "मिठे" ऐकू यायचं. आई जाऊन आठ वर्षं झाली. शिवदास तिला 'ताय' म्हणतो, बाकी सगळं जग काकू. आता एक लहान मिठा अंगणात धावेल, तिला कोणीतरी आतून हाक मारेल, आणि हिचीही मान वळेल. हे आपल्याला इतकं हवं होतं, याचा तिला पत्ताच नव्हता.

"मी जरा लवकर जाते," ती दिनानाथला म्हणाली. "शुक्रवारीच."

"आणि शनिवारची बारा पानं?"

"किशोरीला बोलावा. तिच्या भाकऱ्या माझ्याइतक्याच गोल असतात."

"तेवढ्याच करपलेल्या पण?" दिनानाथ म्हणाला, पण त्याने बॅग माळ्यावरून काढून दिली.

अलिबागहून पेणची एसटी, पुढे रिक्षा. शिवदासच्या घरी अंगणात मांडव पडला होता आणि मांडवाखाली एक पन्नास किलोचं पोतं उभं होतं. शिवदासने हौसेने सांगितलं की विधी अगदी रीतीप्रमाणे करायचा, म्हणून त्याने उरणच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडून मीठ मागवलं. ड्रायव्हरने कारखान्यात वापरतात ते आणून टाकलं होतं. आता एवढ्या मिठात नातीला विकायचं की पुरायचं, असं त्याची बायको जाता येता त्याला ऐकवत होती. पिशवीतलं आयोडीनवालं चालतं का, यावर सकाळपासून दोन फोन झाले होते.

मिठा हसत आत गेली आणि दारातच थांबली.

खोलीच्या खिडक्या बंद. पंखाही बंद. निकेतची बायको हेमाली पलंगावर ताठ बसलेली, एक हात बाळाच्या छातीवर. पोर आठव्या महिन्यात झालेली, बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. डॉक्टर आता म्हणत होते वजन छान आहे, काळजीचं काही नाही. हेमालीच्या डोळ्यांखाली मात्र काजळ पसरल्यासारखं दिसत होतं. याआधी तिची दोन पोटातच गेली होती, एक पाचव्या महिन्यात, एक सातव्या.

"झोपलीस कधी?" मिठाने विचारलं.

"झोपते की. बसल्या बसल्या."

"सासूकडे दे थोडा वेळ."

"त्यांना कळणार नाही. ही कधीकधी श्वास घ्यायला जरा थांबते. लक्ष ठेवावं लागतं."

खोलीत एकही नवं झबलं नव्हतं. सगळे कपडे मागून आणलेले. दीड महिन्यात हेमालीने पोरीला 'ही' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"मिठा हे नाव तुला आवडलं?"

हेमाली म्हणाली, "आत्या, मी फार्मासिस्ट आहे. रोज गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचते. नावाने काही होत नाही हे मला कळतं. पण मी दोन्ही वेळा सगळं बरोबर केलं होतं. एक गोळी चुकवली नाही. मग आता जे करायचं राहिलं असेल तेही करून टाकते. आजेसासूबाईंची तीन गेली आणि तुम्ही राहिलात, हे निकेतने सांगितलं तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच आहे."

"आणि भीती नसती तर? तर काय ठेवलं असतंस?"

 हेमालीने मोबाईल उचलला, एक नाव टाईप केलं, स्क्रीन मिठासमोर धरली आणि वाचून होताच पुसून टाकलं. तोंडाने उच्चारायचंही धाडस नव्हतं.

मिठा बाहेर आली ती मांडवात न थांबता सरळ मैनाबाईंकडे गेली. साठ वर्षांपूर्वी तिला सूपभर मिठात विकत घेतलेली ती बाई, आता नव्वदीला टेकलेली, ओटीवर उन्हात पाय पसरून बसली होती.

"कोन गं?"

"मिठा."

"कंची?"

"तिसरी."

म्हातारी खुदकन हसली. मिठाने तिच्या पायांना तेल लावता लावता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही घेतलंत म्हणून मी जगले. आता शिवदासच्या नातीलाही घ्या. तुमच्या हातात गुण आहे."

 मैनाबाई म्हणाली, "अकरा पोरं घेतली मी."

"माहीत आहे."

"त्यातली तीन गेली. हे म्हायती हाय?"

मिठाचे हात थांबले.

"दोन मिठा न् एक मिठ्या. त्यांचं कोनी बोलत न्हाय. जगलेल्या शाळेत गेल्या न् हजेरीत मोजल्या गेल्या. मेलेल्या कोन मोजणार? नावानं कोन जगतं का, पोरी?"

"मग मी कशी जगले?"

"ते मना काय म्हायती. तुझी तगायची ताकद होती आसंल. पन एक सांगते. पोर विकत घेतली की ती माझी, व्हय ना? मग माझ्या पोरीला बघाया मना रोज जावं लागायचं. रीतच हाय. सव्वा महिना आंघोळ घेणारणीनं घालायची. मी पहाटं मिठागरावर जायची, उन्हं वर आली का तुझ्याकडं यायची. तुना तेल लावायची, न्हाऊ घालायची, मांडीवर घेऊन बसायची. आन् तुझी आय तेवढा वेळ झोपायची. तीन पोरं गेलेली बाई ती, झोपंल कशी? तुझ्या छातीवर हात ठेवून बसलेली आसायची."

मिठाने तेलाचा हात पुन्हा तिच्या पायांवरून फिरवला.

"माझी पोर म्हटल्यावर तिची भीती पन माझी झाली," मैनाबाई म्हणाली. "मीठ आपलं निमित्ताला. आता माझ्यानं वाटीभर पानी उचलवत न्हाय, मी कुनाला न्हाऊ घालू?" मग उन्हाकडे बघत म्हणाली, "ती नर्सबाय सुया घेऊन बांधावरनं चालत याया लागली न् मिठा कमी झाल्या. लोकांना वाटतं, लाज वाटली म्हनून नाव टाकलं. आरं, गरजच न्हाय राहिली. वीस वर्सं झाली, कुनी माझ्या दारी पोर विकाया आली न्हाय. मना लय बरं वाटतं."

परत येताना मिठा बांधावरून आली. जिथे राशी असायच्या तिथे खाडीचं पाणी आणि त्यात बगळे. ती इतकी वर्षं समजत होती की आपलं नाव मेलं. आणि ते मेलं याचं सर्वांत जास्त समाधान होतं ते नाव वाटत फिरणाऱ्या बाईलाच. तरीही ते हवंसं वाटणं काही थांबेना. रविवारी पाळण्यापाशी जाऊन एक शब्द म्हणायचा होता, सगळं घर त्या शब्दाची वाट बघत होतं, आणि तो तिचा स्वतःचा होता. कोण नाही म्हणेल? शनिवारची सगळी रांगोळी तिने या विचारात काढली आणि दोनदा पुसली.

रविवारी मांडव भरला. पोत्यातलं नको, पिशवीतलंच घ्या, असं मैनाबाईंनी ओटीवरून कळवलं होतं. समुद्राचंच ना ते. शिवदासने सूप पुढे केलं आणि विचारलं, घेणार कोण? मैनाबाई तर उठू शकत नाहीत.

"मी," मिठा म्हणाली. "माझी दोन्ही मुलं जगली आहेत. सात वर्षांची असल्यापासून आईबरोबर मिठागरावर फावडं ओढलंय. चालते मी."

तिने सूप हेमालीच्या हातात दिलं आणि पोर उचलली. पोर जांभई देऊन तिच्या पदरात तोंड खुपसू लागली. हेमालीचे हात सूप धरूनही पोरीच्या दिशेने पुढे आलेलेच होते. रीतीप्रमाणे मिठाने पोर लगेच परत द्यायची होती. तिने दिली नाही. पाळण्यात ठेवली, पाळण्याला झोका दिला, वाकली, कानाशी तोंड नेलं आणि मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्राप्ती."

मांडवात कुजबुज झाली. शिवदास म्हणाला, "ताय, विसरलीस काय?" निकेत पुढे झाला. पण हेमाली त्याच्याही आधी पाळण्यापाशी आली होती, पांढरीफटक.

"आत्या, असं नका करू. मिठा म्हणा. अजून वेळ आहे, मिठा म्हणा."

"मिठा मी आहे," ती म्हणाली. "आणि ही आता माझी पोर आहे. सूपभर मीठ मोजून घेतली, सगळ्यांसमोर. माझ्या पोरीचं नाव मी ठेवणार."

"पण काही झालं तर?"

"तर ते बघायचं काम माझं. म्हणूनच तर घेतली. आजपासून सव्वा महिना आंघोळ मी घालणार, श्वास मी मोजणार. तू फक्त पाजायचं."

"तुमचं होमस्टे?"

मांडवाच्या टोकाला बसलेल्या दिनानाथने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तो सकाळी फक्त जेवायला म्हणून आला होता. "किशोरी आहे," तो म्हणाला. "भाकऱ्या बऱ्या करते."

हेमाली सूप घेऊन तशीच उभी राहिली. निकेतने ते तिच्या हातातून काढून घेतलं. तिने पाळण्याच्या कडेला हात ठेवला, ओठ हलले, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला. "प्राप्ती," ती म्हणाली, आणि पोर काही वळली बिळली नाही, ती आपली मूठ चोखत होती. हेमालीने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

सोमवारी ऊन चढल्यावर मिठाने खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. न्हाणीत पाटावर बसून पाय लांब केले, पोरीला पायांवर पालथी घेतली आणि पाठीवरून कोमट तेल फिरवलं. पोरीने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. मिठाने कान देऊन पाहिलं. आतल्या खोलीतून कोणी धावत आलं नाही.

न्हाऊन पुसून, गुंडाळून ती पोरीला बाहेर घेऊन आली. पलंगावर हेमाली कुशीवर पडली होती, तोंड थोडं उघडं, एक पाय पलंगाबाहेर. सासू दारात येऊन खुणेने विचारत होती, चहा देऊ का तिला? मिठाने नको अशी मान हलवली आणि पोरीला घेऊन अंगणात उन्हाला जाऊन बसली. बारा वाजले, साडेबारा वाजले. हेमाली झोपलीच होती.