मोहाच्या झाडापाशी टांगा थांबायचा

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तेव्हा तिच्या उशाशी बसलो होतो, तोंडापर्यंत आलंही होतं – तरी गिळलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण पुरे समजा.

लढाईच्या त्या वर्षांत मी खर्डी स्टेशनवर टांगा हाकत होतो. बॉम्ब पडणार म्हणून मुंबईची माणसं आमच्याकडे भाड्यानं खोल्या घेऊन राहायला आली. त्यांच्याकडे रविवारी पाहुणे यायचे – टोप्या, डबे, छत्र्या, कुणाकडे कॅमेरा. त्यांना तानशाचा तलाव दाखवायचा आणि परत आणायचं, हे माझं काम. तलाव बघून झाला की ती माणसं विचारायची, "आणखी काय आहे इथं?" काय असणार? भातखाचरं आणि जंगल.

मग भिवा मेला.

भिवा आमच्याच पाड्यातला. तलावाच्या वाटेवर, वळणावर मोहाचं झाड होतं, त्याला त्यानं गळफास घेतला. पोटाच्या दुखण्यानं. हे मला पक्कं ठाऊक होतं – त्याला शहापूरच्या डॉक्टरकडे मीच नेलं होतं. डॉक्टरनं मान हलवली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. परत येताना टांग्यात तो गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. त्याची बायको बायजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, खड्डा आला की म्हणायची, "भावजी, हळू हाका ना."

पहिल्यांदा ते झाड मी दाखवलं नाही, पाहुण्यांनीच विचारलं. स्टेशनवरच्या चहावाल्यानं त्यांना सांगितलं होतं. टांगा थांबवला. सगळे उतरले. दोर कुठल्या फांदीला होता, पाय जमिनीपासून किती वर होते – काय काय विचारलं! एका बाईनं साल खरवडून रुमालात बांधली. एक जण झाडाखाली मान वाकडी करून, जीभ काढून उभा राहिला आणि दुसऱ्यानं त्याचा फोटो काढला. मला त्यांची किळस आली. अजून येते. पण पुढच्या रविवारी टांगा तिथं मी आपणहून थांबवला – याला काय म्हणाल?

आणि पोटाचं दुखणं त्यांना पुरेना. "एवढंच?" म्हणून एकानं तोंड वाकडं केलं. मग मी आवाज खाली आणून म्हणालो, "बायकोचं कायतरी होतं, साहेब." बास. सगळे जवळ सरकले. त्यानंतर दर खेपेला मी त्यात भर घालत गेलो. एक ठेकेदार आणला. अंधारातलं दार आणलं. झाडापासून बायजाचं घर दिसायचं, तिकडे बोट करायचो. माणसं डोळ्यांवर हात धरून बघायची – ती अंगणात धान पाखडत असायची. वेगवेगळ्या तोंडांनी ती गोष्ट पाड्यातही पोचली. बायजाला वाटलं, चहावाल्यानं उठवली.

झाडाशी मी माणसं आणतो, एवढं मात्र तिला दिसत होतं. एका रविवारी ती तरातरा वर आली. मोहाची फुलं गळायचे दिवस होते, पण त्या झाडाखालची फुलं आता कुणी वेचत नव्हतं, त्यांचा खच पडला होता. तो तुडवत येऊन तिनं घोड्याचा लगाम धरला.

"माज्या नवऱ्याचं मरान दाखवून पोट भरता, भावजी? लाज नाय वाटत?"

टांग्यातली माणसं हसली. तिला नाही – मला. कुणीतरी "सापडला बघ" म्हणालं. माझे कान तापले. आजवर माझ्याच टांग्यात बसून मला कुणी असं हसलं नव्हतं, आणि हसवणारी कोण, तर ही!

हा राग मी मनात ठेवला. कबुली त्याचीच आहे. आधीचं सगळं निदान तोंडाळपणा म्हणून खपेल. पुढचं नाही.

बायजाची मुलगी सोनी लग्नाची झाली होती. तिला पाहायला मुलाकडचे दोघे गाडीतून उतरले – मुलाचा चुलता आणि मामा. त्यांनी मलाच बायजाचं घर विचारलं. कुणाचे पाहुणे, कशाला आले, मला सगळं कळलं. मी त्यांना टांग्यात बसवलं. वळण आलं. घोडा सवयीनं थांबला – नाही, खोटं कशाला, मी लगाम ओढला. आणि सांगितलं. ठेकेदार, दार, सगळं. कधी नव्हे इतकं चांगलं सांगितलं.

चुलत्यानं त्या घराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "टांगा फिरवा."

घरात पाहुण्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी थांबलो असतो? नसतो.

दुसऱ्या दिवशी बायजा माझ्या दारात आली. आदल्या दिवशी कुणाच्या टांग्यातून ते परतले, ते तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "भावजी, मी त्या दिशी तुमाला बोलली, मनात धरू नका. कुनीतरी त्यांचे कान भरले. तुमीच तं यांना डाक्तरकडं नेलं व्हतं. तुमी पोराच्या घरी चला, तुमचं ऐकतील. पोरीचं कल्यान व्हईल."

मी म्हणालो, "घोडा लंगडतोय, वयनी. नाय जमणार."

घोडा अंगणात चारी पायांवर उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती घरी गेली, आणि हळद-तेल गरम करून घेऊन आली. "कोन्ता पाय?" मी एक पाय दाखवला. ती खाली बसली, लेप लावला, पदराची चिंधी फाडून घट्ट बांधला. मी घोड्याचं तोंड धरून उभा होतो.

मी गेलो नाही. लग्न मोडलं. दोघी पाडा सोडून मुरबाडकडे बायजाच्या भावाकडे गेल्या, आणि तिकडे सोनीला एका बिजवराला दिली, असं ऐकलं.

रविवारी पाहुणे येतच राहिले. झाडापाशी टांगा थांबायचा. गोष्ट आता थोडी लांबली होती – शेवटी मुलीचं लग्न कसं मोडलं, तेही मी सांगायचो. लोकांना तो भाग सगळ्यात जास्त आवडायचा.