चालून दाखव

"माताजी, ज़रा चलकर दिखाइए."

पोलिस थान्यात मला हे सांगण्यात आलं. मी रपट लिहवायला गेले होते. नया बाज़ारात भर दुपारी मोटरसायकलवरच्या दोघांनी माझ्या गळ्यातली चेन ओढून नेली होती. आईची चेन. मानेवर लाल ओरखडा, हातात पिशवी, पिशवीत दोडकी. दोडकी शाबूत होती. चोरांनाही आवडत नसावीत.

थान्याच्या ओसरीत नव्या भरतीची पोरं उभी होती, ट्रेनिंगवर आलेली. त्यांना शिकवणारा हवालदार खुर्चीत. मला पाहताच त्याचा चेहरा खुलला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. धड्याला आयतं उदाहरण सापडलं की मास्तरांचा चेहरा कसा होतो, मला ठाऊक आहे.

"जैसे बाज़ार में चल रही थीं, वैसे ही."

मी चालले. मला वाटलं, तपासाचा भाग असेल. शिकलेली बाई ना मी! डावा गुडघा दुखतो, अंग भरलेलं, त्यामुळे मी चालते म्हणजे डुलते. पोरं हसली. मग हवालदाराने एकाला चोर केलं. "खींच." त्याने माझा पदर खेचला. पिन तुटली. मग दुसऱ्याची पाळी. फिर से चलिए, माताजी. चेन सच में सोने की थी? इतनी दोपहर में किससे मिलने गई थीं? जात क्या है? मी एका हाताने पदर धरून उत्तरं देत होते. दुसऱ्या हातात दोडकी.

शेवटी हवालदार पोरांकडे वळला. "समझे? फरियादी को पहले थका दो. आधे अपने आप लौट जाते हैं."

मी परतले. रपट लिहिली गेलीच नाही.

घरी येऊन रडले नाही. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. बारसं असो, डोहाळजेवण असो, पानं उचलली की "काकू, सुनाओ ना" सुरू. मग मी याचीही गोष्ट केली. खोलीभर डुलत चालून दाखवायचं, स्वतःचा पदर स्वतःच खेचायचा, हवालदाराला नसलेल्या मिशा लावायच्या. माणसं हसून लोळायची. ते शेवटचं वाक्य तेवढं मी गाळत असे. त्याला हशा नव्हता.

अशी ती गोष्ट वर्षानुवर्षं चालली. यंदा दादांकडे जेवण होतं. दादा म्हणजे माझे मोठे दीर. भोपाळहून बड्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, इथे आमच्याच शहरात हरिशंकरपुरमला घर बांधलं. सासरची माणसं पूर्वी संस्थानच्या दरबारात दप्तर सांभाळणारी, माझ्या माहेरची फौजेतली. मला अजूनही हा फरक पंगतीत वाढला जातो. लोणच्यासारखा, थोडा थोडा.

पोलिसांच्या प्रशिक्षणावर देखरेख ठेवायला राज्याचं एक मंडळ होतंय. त्यात एक जागा सामान्य नागरिकाची. तिथे दादांचं नाव जवळपास पक्कं. सामान्य नागरिक! मागच्या वेळी त्यांचा मोबाईल हरवला, तर थानेदार स्वतः घरी आला होता. चहा मीच केला होता.

त्या दिवशी पाहुणे म्हणून एक निवृत्त पोलिस अधिकारी आले होते. तेही याच मंडळावर जाणार. जेवणं झाली. दादांची मुलगी सई रेकॉर्ड करायला मोबाईल उघडून समोर बसली. "काकू, वो थाने वाला सुनाओ ना. अंकल को बहुत मज़ा आएगा."

दादा म्हणाले, "अगं हो, चालून दाखव. साहेबांना कळू दे, पब्लिक कशी असते."

मी उठले. सवय. पदर सावरला. साहेब सोफ्यात रेलून बसले आणि त्यांचा चेहरा खुलला.

माझा पाय उचलेना.

"चल ना," दादा म्हणाले. "लाजतेस काय? घरचेच आहेत."

मी खुर्ची ओढली आणि बसले. बसूनच सांगितलं. मिशा नाहीत, डुलणं नाही. कोणी पदर खेचला, कितीदा खेचला, काय विचारलं. आणि ते शेवटचं वाक्य. सईने मोबाईल खाली ठेवला. कोणी हसलं नाही.

साहेब म्हणाले, "भाभीजी, एक-दो लोग हर जगह ऐसे होते हैं."

"वो सिखा रहे थे, साहब. पूरी क्लास खड़ी थी."

"अगं, मूड कशाला घालवतेस?" दादा म्हणाले. "गोष्ट आहे ती."

"गोष्ट मी केली, दादा. तुम्हाला ऐकवेल अशी. तुम्ही त्या मंडळावर बसून काय सांगणार? तुम्हाला कधी थान्यात कोणी चालायला लावलंय?"

दादा हसले. "मग तू बसतेस का मंडळावर? गुडघा धरून?"

सगळ्यांना हसायला वाट मिळाली. माझे यजमानही हसले. ते मी पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "बसते."

स्कूटरवरून माधवगंजला आमच्या घरी परतलो. सकाळी यजमान म्हणाले, "दादांचं नाव वरपर्यंत गेलंय. तुझी अर्जी कोण वाचणार?" त्यांचं बरोबर आहे. मग दादांचा फोन आला. मला नाही, यांना. "तिला समजाव. घरातल्या घरात शोभा नको." शोभा! पदर सुटला तेव्हा माझी व्हायची ती झाली. आता त्यांची पाळी आली तर घर आठवलं.

सईने विचारलं, "काकू, आप सच में मंडल में जाओगी?" मी म्हटलं, जाणार. दादा तिचे वडील आहेत, तिची पंचाईत मला कळते.

नागरिकाच्या त्या जागेबद्दल सरकार लोकांचं म्हणणं ऐकणार आहे, उघड सभेत. ती जागा मला मिळणार नाही. मी भोळी असेन, खुळी नाही. पण रपट न लिहिता परतलेल्या बायका मी गोळा करते आहे. लांब जावं लागत नाही. आमच्या गल्लीतली शिवणकामवाली आहे. शाळेतली आया आहे. माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई आहे, तिला तर मारहाणीची तक्रार घेऊन गेल्यावर स्वयंपाक येतो का विचारलं होतं. आम्ही सगळ्या त्या सभेत पुढच्या रांगेत बसणार. आमच्यातली एक त्या मंडळावर घ्या म्हणणार. नको असेल, तर तसं आमच्या तोंडावर म्हणावं लागेल.

आणि दादांचं नाव पुकारलं की मी उभी राहून विरोध करणार. ते माझे दीर आहेत, हेही तिथेच सांगणार.