भिंतीबाहेरचे पाईप

बाथरूम नवं करायला काढलं, तेव्हा सांगलीतल्या नळांच्या चकचकीत दुकानातच माझं डोकं सटकलं होतं. दुकानदार एकेक तोटी पुसून दाखवायचा आणि दर वेळी तेच सांगायचा, की पाईप सगळा भिंतीत जाणार, वर काही दिसणार नाही. नवरा मान डोलावत होता. मी म्हटलं, "मला तो दिसायलाच हवाय."

दुसऱ्या दिवशी मी एकटी जुन्या लोखंडाच्या बाजारात गेले आणि मोडीत निघालेल्या कुठल्याशा कारखान्याचे तीन गनमेटलचे व्हॉल्व्ह घेऊन आले. लाल चक्रीचे, चांगले वजनदार. प्लंबरनं कपाळावर हात मारला.

"ताई, ह्ये बॉयलरला लावत्यात. बाथरूमला कोण लावतं?"

"मी लावते."

माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते, बत्तीस वर्षं. माझी सोयरीक मोठ्या नणंदेनं जुळवली. मुलगी तिला पसंत होती, पण फिटरची मुलगी म्हणून भावकीत सांगणं जड गेलं. तिनं सगळीकडे सांगितलं, व्याही कारखान्याच्या ऑफिसात आहेत. साखरपुड्याला तिनं बाबांनाही तसं बजावलं. बाबा गप्प राहिले. मीही खाली मान घालून बसले, आणि त्याचा राग मला अजून येतो, स्वतःचाच. तेव्हापासून बाबा उंब्रजहून आले की पाहुण्यासारखे खुर्चीत बसतात. आमच्याकडे एक नळ वर्षभर ठिबकत होता. बाबा त्याच्याकडे बघत बसायचे, पण उठायचे नाहीत. ऑफिसातल्या माणसानं पाना कसा धरायचा?

म्हणून मला पाईप भिंतीबाहेर हवे होते. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं, की मला आवडतात.

एक दिवस मी शाळेत शिकवायला गेले असताना प्लंबरनं पाईप आत दडवायला भिंतीत झिऱ्या पाडून ठेवल्या. त्याला वाटलं, बाईंचं मन बदलेल. मी आल्या आल्या त्या बुजवायला लावल्या. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग पाईप बाहेरून क्लॅम्पवर चढवले आणि व्हॉल्व्ह घुश्शातच बसवून टाकले.

काम संपल्यावर पूजा घातली. आमच्याकडे तीर्थप्रसाद झाला की बायका घर बघायला निघतात आणि आधी बाथरूम गाठतात. नणंद पुढे होती. "आगं, ह्ये बाथरूम हाय का कारखाना?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "कारखानाच आहे, वन्सं. नीट बघून घ्या."

तेवढ्यात मागून बाबा आले. बायका बाजूला झाल्या. मधल्या व्हॉल्व्हची चक्री घट्ट बंद होती, तरी दांडीपाशी पाणी झिरपत होतं. बाबांनी तिथं बोट लावलं, खाली वाकून पाहिलं आणि ते चिडलेच.

"ह्यो उलटा बसवलाय! आंगावर बाण हाय पाण्याचा, त्यो कुनी बघितला न्हाई व्हय?"

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "पाव्हणं, पाना आणा. आन् वरचं पाणी बंद करा."

जावयाला काम सांगणं आमच्यात बसत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, बाबांनी ह्यांच्याकडे कधी पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, गच्चीवर जाऊन कॉक बंद केला आणि पाना घेऊन आले. बाबांनी त्यांना ओल्या फरशीवर बसवलं, पाईप धरायला लावला. पाच मिनिटांत व्हॉल्व्ह खाली आला.

दारातून नणंदेच्या जाऊबाईंनी विचारलं, "आवं, हे तर ऑफिसात हुते ना?"

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी सावरून घेईन अशी तिला खात्री होती. एवढी वर्षं घेतच आले होते.

"वन्सं, तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "सोयरीक तुम्हीच जुळवली होती."

आत पाना वाजत होता. नणंदेनं पदर खांद्यावर ओढला.

"फिटर हुतं," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "फिटर हायत त्ये."

बाबांनी वर पाहिलं नाही. व्हॉल्व्ह फिरवून जाग्यावर आवळला आणि कारखान्यात द्यायचे तशी आतून हाळी दिली, "सोड गं पाणी!"

मी जिना चढून गेले आणि कॉक पुरता सोडला.